कवळी काढायचा तास

२ तारीख, सोमवार

जेवणाच्या सुट्टीत मालकीणबाईंनी आत बोलावलं. दार लावून घेतलं. मला वाटलं, कालचा वरचा जबडा गिऱ्हाइकाकडून परत आला.

"बसा," म्हणाल्या. "दुसऱ्या गावात लॅब काढतेय. जागा घेतली. तिथं माझं माणूस हवं. तुम्ही जाल का?"

"मी?"

"मग कोण, पॉलिशवाला? तो पहिल्याच दिवशी डॉक्टरांशी भांडेल. लॅबच्या वर एक खोली आहे, जिना वेगळा, खिडकी पूर्वेला. तीस तारखेपर्यंत सांगा."

म्हणून ही वही. मेणाच्या पट्ट्यांच्या खणात ठेवीन आणि सुट्टीत लिहीन. घरी ठेवली असती तरी बाबांना दिसली नसती. पण घरात जे वाचायचं आणि लिहायचं ते बाबांसाठी, असं सहा वर्षांत होऊन बसलं आहे. हे बाबांसाठी नाही.

मी त्रेचाळीस वर्षांची. अठरा वर्षं या दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करते. बाबा एक्याऐंशी वर्षांचे. सहा वर्षांपूर्वी त्यांची नजर गेली आणि त्या महिन्यापासून मी त्यांचे डोळे आहे. आईला जाऊन त्याआधीच बरीच वर्षं झाली होती.

खोली केवढी आहे ते विचारायचं राहून गेलं. पूर्वेची खिडकी तेवढी लक्षात राहिली.

३ तारीख, मंगळवार

आमचा दिवस कसा जातो ते एकदा लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा लिहायला नको.

आमच्या यहुदी शास्त्रकारांनी सांगून ठेवलं आहे की माणसानं आपलं अभ्यासाचं आयुष्य तीन ठिकाणी वाटावं. एक वाटा मूळ ग्रंथाला, एक तोंडी परंपरेच्या पाठाला, एक वादाला. त्यावर लगेच कुणीतरी विचारतं, आपण किती जगणार हे कुणाला ठाऊक, मग आयुष्याचा तिसरा भाग काढायचा कसा? उत्तर असं, की वर्षं वाटू नका, दिवस वाटा. बाबांनी पन्नास वर्षं मुलांना हे शिकवलं. नियमांच्या जाड्या ग्रंथात उदाहरणसुद्धा आहे: एक कारागीर तीन तास धंदा करतो आणि नऊ तास अभ्यास. त्यानं ते नऊ तास तीन-तीन-तीन असे वाटावेत.

आमच्याकडे उलटं. बाबा म्हणतात, "तू नऊ तास दात करतेस, मी तीन तास चावतो." मी दर वेळी हसते. नाही हसलं तर पुन्हा म्हणतात.

सकाळी साडेसहा ते साडेसात मूळ. मी हिब्रूतली एक ओळ वाचते, बाबा ती म्हणतात. कवळी लावून, कारण प्रत्येक अक्षर स्वच्छ उमटलं पाहिजे. संध्याकाळी साडेसहाला पाठ, तोही कवळी लावून, डोलत. साडेसातला वाद. तेव्हा कवळी काढतात आणि पाण्याच्या वाटीत टाकतात. "वादात दात आडवे येतात," म्हणतात. मी इतकी चांगली कवळी करून दिली आहे आणि तिच्या नशिबी रोज एक तास वाटी. पण खरं आहे, दात काढले की त्यांची जीभ जास्त चालते.

वादाला सध्या त्यांच्या गुरूंची हस्तलिखित वही आहे. काल त्यातला हा प्रश्न आला. एकानं दिवा लावला. दुसरा येऊन त्या उजेडात बसला आणि त्यानं शास्त्र वाचलं. तो तास कुणाच्या अभ्यासात धरायचा? गुरू म्हणतात, वाचणाऱ्याच्या. गुरूंचे भाऊ म्हणतात, लावणाऱ्याच्या, कारण उजेड नसता तर वाचणारा झोपला असता.

बाबांनी कवळी वाटीत टाकली. "लावणाऱ्याला वाचता येतं का?"

"वहीत तसं काही नाही."

"नाही म्हणूनच विचारतोय. येत नसेल तर प्रश्न मिटला. येत असेल तर तो का वाचत नाही?"

"त्याला काम असेल."

"दिवा लावून दिला दुसऱ्याला, आणि स्वतः अंधारात काम करतो? फार कामाचा माणूस दिसतो."

मी वही मिटली. ते खूश झाले. साडेआठला त्यांचा दिवस संपला. माझी भांडी राहिली होती.

नव्या लॅबबद्दल बोलले नाही.

५ तारीख, गुरुवार

काल दादाचा फोन आला. त्याला सांगितलं.

"छोटी, जा ना मग," म्हणाला. दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा आहे आणि मी साठ वर्षांची झाले तरी त्याच्यासाठी छोटीच राहणार.

"बाबांचं काय?"

"रेकॉर्डिंग लावून दे. आता सगळं मिळतं त्यात. मूळ, पाठ, हवं ते."

"आणि वाद?"

"वाद मी फोनवर घालतो," म्हणाला आणि हसला. मी हसले नाही, तेव्हा म्हणाला, "बरं, मी बघतो काहीतरी." दादाचं 'बघतो' म्हणजे विषय संपला.

रेकॉर्डिंगचं बाबांना मी सहज विचारावं तसं विचारलं. "चालेल की," म्हणाले. "त्याला शंका विचारली तर काय म्हणतं ते?"

खालच्या मजल्यावरची शिंपीण दुपारी बाबांना जेवायला वाढते. ती जिन्यात भेटली. म्हणाली, "तुमचे बाबा आज टोपी घालून जिन्यात उभे होते. म्हणाले, शाळेला उशीर होतोय." आम्ही दोघी हसलो. बाबांना शिंपिणीची थट्टा करायला आवडते.

८ तारीख, रविवार

आज लॅब बंद, म्हणजे नऊ तास. तीन-तीन-तीन. जाड्या ग्रंथातला कारागीर तरी मध्ये धंद्यावर जात होता.

लॅब बंद म्हणून हे स्वयंपाकघरात लिहिते आहे, जुन्या बिलाच्या पाठीवर. उद्या वहीत चिकटवीन.

खोलीत टेबल, दोन खुर्च्या, ग्रंथांचं कपाट. माझ्या खुर्चीच्या पायांनी फरशीवर चार डाग पाडले आहेत. खुर्ची हलवली की ती आपोआप त्या डागांवर परत जाते. मीच नेते, पण लक्षात येत नाही.

वादात पुन्हा दिवा. वहीत पुढं कितीतरी प्रश्न आहेत, पण बाबा म्हणाले, "तो दिव्याचा वाच." वाचला. कवळी वाटीत. "लावणाऱ्याला वाचता येतं का?" जसं काही आत्ताच सुचलं. तोच आवाज, तीच भुवई.

मला कंटाळा आला होता. म्हटलं, "येतं. पण त्यानं दिवा स्वतःसाठी लावलाच नाही. दुसऱ्यासाठी लावला."

"मग दुसऱ्यासाठी लावलेल्या दिव्यात आपण वाचायचं नाही, असं कुठं लिहिलंय?"

 ते मुद्दाम करतात. एकच शंका पुन्हा पुन्हा काढायची, म्हणजे पान उलटत नाही, वही संपत नाही, आणि मी त्या चार डागांवरून उठत नाही.

शेवटच्या तासाला त्यांना डुलकी लागली. मी उठले तर झोपेत म्हणाले, "वाचते आहेस ना?" मी बसले.

११ तारीख, बुधवार

बाबांची कवळी सैल झाली आहे. म्हातारपणी जबड्याचं हाड झिजत जातं, कवळी तेवढीच राहते. नवी करायला घेतली. काल पाठाच्या आधी घरीच माप घेतलं.

रबरी वाटीत पावडर कालवली, ती साच्यात भरली आणि साचा त्यांच्या तोंडात दाबून धरला. घट्ट व्हायला तीन मिनिटं लागतात. तोवर बोलता येत नाही, हलता येत नाही. हजारो माणसांची मापं माझ्या हातून गेली, पण ती डॉक्टरांनी घेतलेली. एवढ्या जवळून तोंड मी फक्त बाबांचं बघते.

माझं बोट त्यांच्या टाळूवर होतं. मी म्हटलं, "बाबा, मालकीणबाई दुसऱ्या गावात लॅब काढताहेत. मला जायला सांगतात. लॅबच्या वर खोली आहे. खिडकी पूर्वेला आहे. तीस तारखेपर्यंत सांगायचंय."

त्यांच्या घशातून आवाज आला. कसला ते कळलं नाही. हात वर आला आणि माझ्या मनगटावर थांबला. मी घड्याळाकडे बघत होते. अजून दीड मिनिट होतं.

साचा काढला. त्यांनी चूळ भरली, तोंड पुसलं.

"काय म्हणत होतीस?"

मी वाट पाहिली. ते नुसते बसून होते, तोंड माझ्याकडे, पण जरा उजवीकडे, भिंतीवर.

"काही नाही," म्हटलं. "माप चांगलं आलं."

पाठ सुरू केला. ऐकायचं नसलं की माणूस बहिरा होतो. आंधळ्याला ते आणखी सोपं.

आज पॉलिशवाला म्हणतो, "काय रब्बीणबाई, चेहरा का पडलाय? शास्त्रात दात दुखले काय?" रब्बी म्हणजे आमचे धर्मपंडित; तो मला रब्बीणबाई म्हणतो, कारण मी काम करताना पुटपुटते. मला माहीत नव्हतं. विचारलं, काय पुटपुटते? म्हणाला, "मला काय कळतंय? पण मधेच थांबता, मान हलवता, म्हणता 'नाही, तसं नाही', आणि पुन्हा पहिल्यापासून. वेडं माणूस करतं तसं."

१७ तारीख, मंगळवार

दर नव्या चांद्रमासाच्या पहिल्या दिवशी बाबा जाड्या ग्रंथातला वाटणीचा नियम वाचायला लावतात. मूळ, पाठ, वाद. कारागीर, तीन तास, नऊ तास. मग एका ठरावीक शब्दावर "पुरे" म्हणतात. मी ग्रंथ मिटते आणि आम्ही नव्या महिन्याला लागतो. सहा वर्षांत हे सत्तरेक वेळा झालं असेल. तो शब्द पानाच्या तळाशी आहे.

काल संध्याकाळी नवा महिना लागला. मी वाचत गेले. ठरावीक शब्द आला. "पुरे" आलं नाही.

वर बघितलं. बाबा जागे होते. तोंड किंचित उघडं. वाट बघत असल्यासारखे. मला वाटलं, पुढं वाचायला सांगताहेत. पान उलटलं.

पुढं लिहिलंय की हे सगळं शिकणं सुरू करणाऱ्यासाठी आहे. ज्याची वाढ झाली, ज्याला मूळ आणि पाठ आले, त्याला वाटे नाहीत. त्यानं मूळ आणि पाठ अधूनमधून ठरावीक वेळी चाळावेत, विसरू नये एवढ्यापुरते. बाकी सगळा वेळ वादाला द्यावा, मन पोचेल तितका.

मी मोठ्यानं वाचलं. बाबा थोड्या वेळानं म्हणाले, "पुरे."

१८ तारीख, बुधवार

परवा संध्याकाळपासून डोक्यातून जात नाही.

त्यांनी पन्नास वर्षं शिकवलं. मूळ त्यांना पाठ. पाठाचा वाटाही तोंडपाठ. सगळ्या गावाला माहीत आहे की बाबांसमोर अर्धी ओळ म्हटली की उरलेली तेच म्हणतात. वाटे त्यांच्यासाठी नाहीतच. पुढचा नियम मला माहीत होऊ नये म्हणून ते पानाच्या तळाशी "पुरे" म्हणत आले.

का? याचं एकच उत्तर आहे. नुसता वाद ठेवला असता तर रोज एक तास पुरला असता. तीन वाटे ठेवले की सकाळ गेली आणि संध्याकाळ गेली. मग मी कुठं जाणार?

आज एका वरच्या जबड्यात दोन सुळे उलटसुलट बसवले. अठरा वर्षांत पहिल्यांदा. मेणात होते म्हणून निभावलं. मालकीणबाईंनी बघितलं. जाताना नुसतं, "विचार करताय ना?"

१९ तारीख, गुरुवार

काल नवी कवळी दिली. त्यांनी खालची वर लावायला घेतली. म्हणाले, "हल्ली चुकीच्या करायला लागलीस." मी हातातून घेतली आणि फिरवून दिली.

पाठात एका जागी थांबले. लहान मुलांना पहिल्या वर्षी शिकवतात ती जागा. मी सांगितलं नाही. बराच वेळ गेल्यावर सांगितलं. "तुझी परीक्षा घेत होतो," म्हणाले. माझीही तीच समजूत होती.

वादाला, "तो दिव्याचा वाच."

मी वही न उघडताच म्हणून दाखवला. मला पाठ झालाय. कवळी वाटीत. मी त्यांच्या आधी म्हटलं, "लावणाऱ्याला वाचता येतं का?"

ते चपापले. मग आनंदले. "बघ! तुलाही तेच सुचलं!"

माझा तोल गेला. म्हटलं, "येतं. चांगलं येतं. पण त्याला सांगितलंय की तू फक्त दिवा. त्यानं वाचलं तरी ते मोजलं जात नाही. म्हणून तो वाचत नाही. वाचत असला तरी वाचतोय हे त्याला कळत नाही."

बाबा नुसत्या हिरड्या एकमेकींवर घासत होते. मग म्हणाले, "हे वहीत आहे?"

"नाही."

"असायला हवं होतं."

मी जेवण गरम करायला उठले.

२५ तारीख, बुधवार

आज सकाळी मालकीणबाईंना हो सांगितलं. सोमवारी सही. पॉलिशवाला म्हणाला, "म्हणजे आता पुटपुटायला कोण?" आणि डोळे पुसल्यासारखं केलं, थट्टेनं.

काल काय झालं ते नीट लिहून ठेवायला हवं. शब्द बदलू नयेत म्हणून सुट्टीत जेवले नाही.

तिसऱ्या तासाला बाबांनी कवळी वाटीत टाकली. मी म्हटलं, आज शंका मी काढणार. काढ, म्हणाले.

"तुम्ही दर महिन्याला वाटणीचा नियम वाचायला लावता आणि एका शब्दावर पुरे म्हणता. पुढं काय आहे?"

"तुला माहीत आहे म्हणून विचारतेस."

"पुढं असं आहे की वाटे नवशिक्यासाठी. मग तुम्ही ते का पाळता? तुम्ही नवशिके आहात?"

 वाटीतल्या पाण्यावर दिव्याचा ठिपका होता, तो हललासुद्धा नाही.

"हो," बाबा म्हणाले.

मला राग आला. ही असली नम्रता मला ऐकायची नव्हती. म्हटलं, "हे उत्तर नाही."

"हेच उत्तर आहे. आता मी विचारतो. आणि तू?"

"मी तुमचे डोळे."

"डोळे शंका काढत नाहीत. परवा इथं कुणीतरी म्हणालं, त्याला वाटतं आपलं वाचणं मोजलं जात नाही. कोण म्हणालं ते?"

"मी."

"तू? मला वाटलं गुरू म्हणाले." मग हसले. दात नसताना ते हसले की लहान मुलासारखे दिसतात. "मला ते सुचलं नसतं. माझ्या शाळेतल्या मुलांपैकी कुणालाही सुचलं नसतं. पन्नास वर्षांत एकालाही नाही."

मग ताठ बसले आणि निकाल देतात त्या आवाजात म्हणाले. ते शब्द असे:

"लावणाऱ्याला वाचता येत असेल तर तो दिवा नाही. तो वाचणाराच. सहा वर्षांचे तास ज्यानं वाचलं त्याचे. त्याची वाढ झाली. ज्याची वाढ झाली त्याला वाटे नाहीत आणि वाट्यांसाठी त्याला धरून ठेवता येत नाही. त्यानं जावं."

मी वाटी त्यांच्याजवळ सरकवली.

"खिडकी पूर्वेला आहे म्हणालीस ना?" बाबा म्हणाले. "चांगलं आहे. सकाळच्या वाचनाला दिवा लागत नाही."

म्हणजे त्या दिवशी ऐकलं होतं.

आज दुपारभर मी एका जागी बसून अठ्ठावीस दात बसवले. एकही चुकला नाही. घराचं काय, बाबांचं काय, ते सगळं ठरवायचं आहे, पण ते आता नुसतं ठरवायचं आहे. सहा वर्षांत पहिल्यांदा घरी जाताना लांबच्या रस्त्यानं जाणार आहे.

२६ तारीख, गुरुवार

काल लांबच्या रस्त्यानं गेले. पंधरा मिनिटं उशीर झाला. बाबा दारात उभे होते, कवळी लावून, टोपी घालून.

"उशीर," म्हणाले.

मी म्हटलं, मालकीणबाईंना हो सांगितलं.

"कशाला?"

मला वाटलं, थट्टा. पाठ झाला. साडेसात वाजले. कवळी वाटीत. "तो दिव्याचा वाच."

"बाबा, त्याचा निकाल तुम्ही काल दिलात."

"मी?" भुवई वर. "काय दिला?"

मी सांगितला. शब्द न् शब्द. त्यांनी मान डोलवत ऐकलं. डॉक्टरकडे पहिल्यांदा आलेला माणूस ऐकतो तसं, समजलं नाही हे कळू नये म्हणून. मग म्हणाले, "हो, हो. बरोबर आहे." आणि जरा थांबून, "पण लावणाऱ्याला वाचता येतं का?"

जेवण झाल्यावर दादाला फोन केला. त्याला सांगितलं की बाबांना परवाचं आठवत नाही. तो म्हणाला, "छोटी, मला तर दर फोनला विचारतात, तू हल्ली कुठं राहतोस. वर्ष होऊन गेलं. मला वाटलं, तुला माहीत असेल. तू तर रोज सोबत असतेस."

आज सुट्टीत ही वही पहिल्यापासून वाचली. तीन तारखेला दिवा. आठला दिवा. एकोणीसला दिवा. जिन्यातली टोपी. उलटी कवळी. पहिल्या वर्षाची जागा. सगळं माझ्याच अक्षरात. मी तक्रार लिहीत होते.

आणि जाडा ग्रंथ. 'विसरू नये एवढ्यापुरते.' मी ते शब्द मोठ्यानं वाचले होते आणि त्यांच्या तोंडाकडे बघितलंही होतं. ते सहा वर्षं त्या शब्दांच्या आधी "पुरे" म्हणत होते. परवा त्यांना विचारलं, तुम्ही नवशिके आहात? ते खरं बोलले, विसरणारा पुन्हा नवशिकाच, आणि मी म्हटलं, हे उत्तर नाही.

निकाल दिला तेव्हा खोलीत दोघंच होतो. त्यातल्या एकाला तो आठवत नाही.

२७ तारीख, शुक्रवार

आज अर्धा दिवस. वही घरी आणली. सूर्य मावळायच्या आत लिहून व्हायला हवं, मग शब्बाथ, आमचा विश्रांतीचा दिवस, मग उद्या अंधार पडेपर्यंत पेन धरायचं नाही.

सकाळी दादाला पुन्हा फोन केला. म्हटलं, "रविवारी ये. तुला अक्षरं येतात अजून?"

"लहानपणी येत होती. आता एकेक जुळवत, अडखळत."

"तसंच वाच. बाबांना तेवढ्याच वेगानं ऐकायला हवंय. वाटे नवशिक्यासाठीच असतात. तुम्ही दोघंही नवशिके आहात."

"छोटी, मला कपाळमोक्ष करून घ्यायचा नाही. ते पहिल्या ओळीला मला घराबाहेर काढतील."

"काढतील. पुन्हा आत जा. त्यांना आठवणार नाही."

तो हसला, मग हसू थांबलं. "बघतो," म्हणाला. मी फोन ठेवला नाही. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "किती वाजता?"

शुक्रवारी तिसरा वाटा दुपारीच घेतो. बाबांनी कवळी काढून वाटीत टाकली. मी गुरूंची वही कपाटात ठेवली आणि ही उघडली.

"कोणती वही आहे? कागदाचा आवाज वेगळा येतोय."

"एका कारागिराची. तिच्यात एक निकाल आहे."

"वाच."

मी बुधवारचं पान काढलं. तीस शब्द, पस्तीस शब्द, जेवढे होते तेवढे वाचले. लावणाऱ्याला वाचता येत असेल तर तो दिवा नाही. इथपासून, त्यानं जावं, इथपर्यंत. माझा आवाज सरळ राहिला.

"कोण म्हणतो हे?"

"एक म्हातारा शिक्षक. मुलीला म्हणाला."

बाबांनी हिरड्या घासल्या. बोटांनी टेबलाची कड चाचपत नेली, परत आणली. "बरोबर म्हणतो," म्हणाले. "मला उलटी बाजू मांडायला सांगितली तर मांडता येणार नाही. मुलीनं ऐकलं का?"

"हो म्हणून आली आहे. सोमवारी सही."

"सही करायला हवी. निकाल आहे." मग भुवई वर गेली. मी ती भुवई ओळखते. "आणि म्हाताऱ्याला वाचून कोण दाखवतं?"

"ते वहीत नाही."

"नाही म्हणजे? त्याला सुचलं नाही, की सुचलं आणि तो बोलला नाही? दोन्हींत फार फरक आहे. पहिल्यात निकाल अर्धा राहतो. दुसऱ्यात पुरा होतो. शोध. पुढच्या पानांवर असेल."

तेव्हापासून ते वाट बघत बसले आहेत. हात मांडीवर, तोंड माझ्याकडे, पण जरा उजवीकडे, भिंतीवर. कवळी वाटीत. खिडकीतला उजेड टेबलावरून खाली उतरला आहे. शब्बाथच्या मेणबत्त्या मांडून ठेवल्या आहेत, अजून पेटवलेल्या नाहीत.

त्यांना वाटतं आहे मी पानं चाळते आहे. पुढची पानं कोरी आहेत. मी लिहिते आहे.

"सापडलं?" त्यांनी आत्ता विचारलं.

"सापडेल," म्हटलं. "तो बोलला नव्हता, बाबा. सुचलं होतं त्याला."